पायली: टाचांच्या लोण्याला नाव, अक्षर आणि लेबल मिळेपर्यंतच्या नोंदी

६ जानेवारी, मानेवाडा, नागपूर

वस्तू ठरलेली आहे. मोहाच्या बियांचं तेल आणि मधमाशांचं मेण यांचं घट्ट मिश्रण, कोरड्या टाचांसाठी, ४० ग्रॅमची ॲल्युमिनियमची डबी. तेल साकोलीकडून, मामाकडून येतं. गेले दोन हिवाळे घरी करून ओळखीच्यांना फुकट वाटलं. आता विकायचं आहे, आणि विकायचं तर घरच्या गॅसवर चालत नाही. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही. म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका परवानाधारक युनिटकडून करून घेणार. त्यांची किमान बॅच ३०० डब्यांची आहे.

या नोंदी वस्तूच्या नाहीत, तिच्या ओळखीच्या आहेत: नाव, अक्षर, रंग, लेबल. एवढ्यासाठी २५,००० रुपये बाजूला काढले. मार्चअखेर सगळं तयार होईल असा अंदाज आहे.

नाव ठरलं आहे असं आज तरी वाटतंय. आमच्या आजोळी मोहाच्या बीला टोळ म्हणतात आणि तेलाला टोळीचं तेल. म्हणून ब्रँडचं नाव ‘टोळी’. मला ते लहानपणापासून तेलाच्या वासासकट आठवतं. डोमेन घेतलं, ८५० रुपये. २०० गोल स्टिकर छापले, १,१०० रुपये.

१९ जानेवारी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ४० डब्या दिल्या, ‘टोळी’चं स्टिकर लावून. पहिल्याच काकूंनी डबी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “टोळी म्हणजे? चोरायची?” मी समजावून सांगितलं. दुसऱ्यांनाही सांगितलं. सातव्या बाईपर्यंत माझा घसा बसला. भंडाऱ्याच्या एक बाई होत्या, त्यांना मात्र ऐकताक्षणी कळलं आणि त्यांचा चेहरा खुलला. चाळिसात एक.

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, “डबी दुकानात ठेवशील तेव्हा सांगायला तू थोडीच उभी राहणार आहेस?” नाव रद्द. १,९५० रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की मी हा शब्द आजोळाबाहेरच्या एकाही माणसाला आधी ऐकवला नव्हता.

२३ ते २७ जानेवारी

आता नाव कागदावर न दाखवता फोनवर ऐकवायचं ठरवलं. पंधरा जणांना फोन केले. दहा विदर्भातले, पाच पुण्या-मुंबईचे. नाव एकदाच उच्चारायचं, अर्थ सांगायचा नाही, आणि म्हणायचं: जे ऐकलं ते देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून मेसेज करा. सगळ्यांचं मिळून अडीच तासांचं काम. स्टिकर छापण्याआधी हे केलं असतं तर वरचे पैसे वाचले असते.

‘न्हाणी’. शब्द मला फार आवडायचा. देवनागरीत नऊ जणांनी बरोबर लिहिला, चौघांनी नानी, दोघांनी नाणी. इंग्रजी अक्षरांत सहा वेगवेगळी स्पेलिंग आली. गिऱ्हाईक शोधणार मोबाईलवर. तिथे सहा स्पेलिंग म्हणजे सहा वेगळी दारं, आणि त्यातल्या एकामागेच मी.

‘सपरी’. आपल्याकडच्या जुन्या घराची पुढची पडवी. आजी तिथेच बसून पायाला तेल लावायची. पंधरापैकी सहा जणांनी ‘छपरी’ ऐकलं. माझा अकरावीतला भाचा म्हणाला, “आत्या, हे नको ठेवू. कॉलेजात कोणी हातात धरणार नाही.” तो शब्द आता शिवीसारखा वापरतात. मुलांनी बिघडवलेला शब्द मी एकटी सुधारू शकत नाही.

‘पायली’. धान्य मोजायचं माप. मामाकडे टोळसुद्धा पायलीनेच मोजतात. तेरा जणांनी बरोबर लिहिलं, दोघांनी ‘पायल’. तरुणांपैकी तिघांना अर्थ माहीत नव्हता, तरी शब्द मात्र चुकला नाही. त्यात ‘पाय’ आहे हे मला सुचलंच नव्हतं, अमरावतीच्या मैत्रिणीने सांगितलं. मापाचा आकारही डबीसारखाच, बुटका आणि गोल.

पायली ठरलं.

४ फेब्रुवारी

ट्रेडमार्कचा अर्ज. सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३ मध्ये येतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. सल्लागाराचे २,५०० वेगळे. आधी सरकारी संकेतस्थळावर शोध घेतला, शब्दाप्रमाणे आणि उच्चाराप्रमाणे, दोन्ही. नुसता शब्दाचा शोध पुरत नाही, कारण उच्चार जवळचा असला तरी हरकत येऊ शकते.

अर्ज फक्त शब्दासाठी केला, चिन्हासाठी नाही. कारण साधं आहे: चिन्ह अजून काढलेलंच नाही, आणि पुढे बदलेल हे नक्की. शब्द नोंदला गेला तर तो कोणत्याही अक्षरात आपलाच राहतो. अर्ज झाला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तपासणी होते, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग हरकतीसाठी चार महिने. तोवर नावाशेजारी ‘टीएम’ लिहिता येतं, वर्तुळातला ‘आर’ लावता येत नाही. नोंदणी नसताना तो लावणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. हे इथे नंतर मुद्दाम जोडतेय, कारण पुढे माझ्या लेबलवर तो आलाच.

११ फेब्रुवारी

नागपूरच्या महाल भागात एक जुने पेंटर काका आहेत. दुकानांच्या पाट्या आयुष्यभर हाताने रंगवल्या. आता फ्लेक्समुळे काम कमी झालंय. त्यांना ‘पायली’ लिहायला सांगितलं, ३,००० रुपये ठरले. त्यांनी सहा प्रकारे लिहून दिलं, प्रत्येक अक्षर वीतभर. चौथ्या कागदावरच्या ‘ली’ची वेलांटी अशी झुकली होती की मापात धान्य ओततंय असं वाटावं. मी तिथेच तो निवडला.

१३ फेब्रुवारी

निवडलेला कागद स्कॅन करून २२ मिलिमीटर रुंदीत घरच्या प्रिंटरवर छापला. झाकणावर शब्दाला एवढीच जागा आहे. ‘प’चं पोट बुजलं. ‘य’चा वळसा काळा ठिपका झाला. बारीक सांधे गायब. शब्द हातभर अंतरावरून ‘चावली’सारखा दिसत होता.

काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “मी पाटीसाठी लिहिलं जी. रस्त्याच्या त्या बाजूनं वाचाले. डबीसाठी लिहा म्हटलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.” चूक माझी. मी डबी त्यांना दाखवलीच नव्हती.

आता रिकामी डबी त्यांच्याकडे ठेवून आले.

२० फेब्रुवारी

काकांनी नवीन लिहिलं. जाड आणि बारीक रेघेतला फरक कमी केला, ‘प’ आणि ‘य’ची पोटं मोकळी केली, शिरोरेषा थोडी बारीक आणि वेलांटी आखूड. आखूड, कारण गोल लेबलात वेलांटीचा शेंडा कडेला टेकत होता. वीतभर आकारात हा शब्द आधीच्याइतका देखणा नाही. २२ मिलिमीटरमध्ये तो स्वच्छ वाचता येतो. जादा पैसे घेतले नाहीत. मी पुढच्या वेळी त्यांच्यासाठी तेल घेऊन जाणार आहे.

२६ फेब्रुवारी

सीताबर्डीवरच्या डीटीपीवाल्या (छपाईसाठी मजकूर मांडून देणाऱ्या) भाऊकडे फाइल दिली. संध्याकाळी प्रूफ आलं. शब्द गुळगुळीत, ओळीत, आणि ‘ल’ बदललेला! काकांनी पाकळीचा मराठी ‘ल’ लिहिला होता. प्रूफमध्ये दांडीचा, हिंदी पुस्तकातला ‘ल’. भाऊ म्हणाला, “स्कॅन वाकडंतिकडं होतं ताई, म्हणून फाँटमध्ये बसवून देलं. एकच तर अक्षर आहे.”

एकच अक्षर आहे, पण तीन अक्षरांच्या शब्दात तेच तर तोंड आहे. मराठी माणूस ‘पायली’ वाचताना कुठे अडखळला ते त्याला सांगता येणार नाही, पण परकं वाटेल. मी तिथेच बसून रेघ न रेघ ट्रेस करून घेतली, पावणेदोन तास.

इथे एक तांत्रिक गोष्ट शिकले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांत, दोन्ही ‘ल’ एकच आहेत. कोणता आकार दिसेल ते फाँटवर ठरतं, आणि काही फाँटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ येतो. भाषा ‘हिंदी’ असेल किंवा निवडलीच नसेल, तर दुसरा. हे त्या भाऊलाही माहीत नव्हतं. आता तो लग्नपत्रिकांनाही तसंच करतो म्हणाला.

बारीक मजकुरासाठी ‘मुक्त’ हा फाँट घेतला. मोफत आहे, व्यवसायात वापरता येतो आणि छोट्या आकारात उघडा राहतो.

५ मार्च

लेबलचा मजकूर. मी सगळा मराठीत लिहिला होता, मनापासून. मागे हे वाक्य: “टाचांच्या भेगा सात दिवसांत बऱ्या करणारा बाम. १०० टक्के नैसर्गिक.” युनिटच्या लेबल सल्लागारांनी तासाभरात कागद लाल करून परत दिला. त्यांची फी २,०००, आणि या सगळ्या खर्चात तीच सर्वात वसूल झाली.

‘बऱ्या करणारा’ जाणार. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप बदलणारं. बरं करतं ते औषध. त्याचा परवाना वेगळा, तपासण्या वेगळ्या. मी वाद घातला, कारण माझ्या आईच्या टाचा खरंच बऱ्या झाल्या होत्या. सल्लागार बाईंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या आईला मधुमेह असता आणि भेग चिघळली असती, तर हे वाक्य वाचून त्या डॉक्टरकडे गेल्या असत्या का?” मी वाक्य खोडलं. आता: “कोरड्या टाचा मऊ ठेवतं.”

‘१०० टक्के नैसर्गिक’ही गेलं. तेल खवट होऊ नये म्हणून त्यात ई जीवनसत्त्व आहे आणि ते कारखान्यात बनतं.

‘बाम’ मी स्वतःच काढला. हळदीकुंकवाच्या डब्यांबद्दल विचारलं तेव्हा दोघींनी तो डोकं दुखत असताना कपाळाला चोळला होता. ‘मलम’ म्हटलं की पुन्हा औषध. मग आईनेच सुचवलं, “लोणीच आहे ते.” टाचांचं लोणी. खाली स्पष्ट ओळ: खाण्यासाठी नाही, फक्त बाहेरून लावण्यासाठी.

आणि सर्वात मोठी दुरुस्ती भाषेची. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वजन, किंमत, महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी जोडीला छापता येतं, तिच्या जागी नाही. त्याशिवाय बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरावं, आणि घटक, जास्त प्रमाणाकडून कमीकडे. एमआरपीसोबत दर ग्रॅमची किंमतही. २४० रुपये, ४० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ६ रुपये.

माझं डिझाइन मात्र आधीच झालेलं. झाकणावर नाव आणि बाजूच्या पट्टीवर मोहाच्या फांदीचं चित्र. एवढा मजकूर ठेवायला जागा कुठे होती? चित्र काढून टाकावं लागलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी सक्तीचा मजकूर आधी डबीवर मांडून घ्यावा, खऱ्या अक्षराच्या आकारात. उरेल ती जागा आपली. मी उलटं केलं आणि तीन आठवडे गेले.

१८ मार्च

रंग. ज्याला विचारावं तो म्हणे, नागपूरचं आहे तर संत्र्याचा रंग घे. मीही तोच धरला होता. स्क्रीनवर झळझळीत दिसायचा, प्रूफवर विटेसारखा उतरला. चार रंगांच्या छपाईत तो चटक नारिंगी मिळतच नाही, स्पॉट कलरची वेगळी शाई लागते आणि छोट्या छपाईला ती परवडत नाही.

पण खरं कारण छपाईचं नाही. डबीत संत्र्याचा थेंबही नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामागे बागाईतदारांची मेहनत आहे. त्याची ऐट मोहाच्या तेलाने का मिरवावी? मोहाचं स्वतःचं रंगरूप आहे. फुलं झडता झडता नवी पालवी येते ती तांबूस असते, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी. तो रंग चार शाईंत नीट उतरतो. तीन प्रूफ काढून तिसरं घेतलं.

२ एप्रिल

छपाईआधीचं शेवटचं प्रूफ. मी मजकूर युनिकोडमध्ये दिला होता. भाऊच्या कोरल या डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली म्हणून त्याने श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केला, आणि टाइप करताना तीन चुका. ‘टाचा’चं ‘टाच’, पिन कोडमधला एक आकडा, आणि नावाशेजारी आपल्या मनाने वर्तुळातला ‘आर’. “सगळ्या कंपन्या लावतात नं,” तो म्हणाला. पिन कोडची चूक मला दिसली नव्हती, वहिनीला दिसली. तिने मजकूर शेवटून सुरुवातीकडे वाचला.

१० एप्रिल

१,००० जोड्या छापल्या, झाकणाचं गोल आणि बाजूची पट्टी. क्रोमो कागद, जोडी ७ रुपये, एकूण ७,०००. हजार घेतल्या कारण ३०० घेतल्या असत्या तर जोडी ११ ला पडत होती.

२४ एप्रिल

युनिटने चाचणीसाठी वीस डब्या भरून दिल्या. लेबल लावून टेबलावर मांडल्या. सुंदर दिसत होत्या. आईने एक उचलून देवापुढे ठेवली.

२९ एप्रिल

दुपारी एक ते चार, सहा डब्या स्कूटरच्या डिक्कीत, उन्हात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोबत. ५१ अंश. कुरिअरची गाडी आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये यापेक्षा थंड असेल असं मानायला मला कारण नव्हतं.

सहाही डब्यांत लोण्याचं तेल झालं. चार डब्यांच्या झाकणाखालून पाझरलं. बाजूची कागदी पट्टी तेल पिऊन काचेसारखी पारदर्शक झाली, अक्षरं पुसट, दोन पट्ट्या गळून पडल्या. परवाना क्रमांक, बॅच नंबर सगळं त्याच पट्टीवर.

रात्री झोप लागली नाही. हीच चाचणी छपाईआधी, कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर फुकटात करता आली असती.

३ ते १७ मे

युनिटचा पहिला उपाय: मेण वाढवा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे १८ टक्क्यांवरून २६ वर नेलं तर डिक्कीतही टिकतं. टिकलं. पण बोटाने निघेना, नखाने खरवडावं लागलं. डबीवर ‘लोणी’ लिहायचं आणि आत मेणबत्ती द्यायची हे मला जमणार नव्हतं. नाव बदलायचं की मिश्रण, यावर त्यांच्या केमिस्टसोबत दोन फेऱ्या झाल्या. २१ टक्क्यांवर थांबलो. ५१ अंशांना सैल होतं, पण पूर्ण पाणी होत नाही, आणि गार झाल्यावर पुन्हा जमतं.

झाकणात आतून वॉशर घातला. काठोकाठ भरणं सोडून ३५ ग्रॅम भरायचं ठरलं, वर मोकळी जागा राहावी म्हणून. ३५ ग्रॅम म्हणजे वजन बदललं, म्हणजे दर ग्रॅमची किंमत बदलली, म्हणजे जुनी लेबलं तशीही कामाची राहिली नाहीत. किंमत २१० केली, ग्रॅमला पुन्हा ६ रुपये.

बाजूची पट्टीच रद्द केली. सगळा सक्तीचा मजकूर डबीच्या तळाच्या गोल लेबलवर आणला, तिथे तेल पोचत नाही. कागदाऐवजी पीपी, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर, वर लॅमिनेशन. लेबल कापायच्या साच्याचे, म्हणजे डायचे १,२०० वेगळे. डिजिटलवर ३०० जोड्या, जोडी ९ रुपये. महाग आहे, पण पुन्हा काही बदललं तर ७,००० ची रद्दी होणार नाही.

१९ मे

नवीन सहा डब्या, तीच डिक्की, तीच वेळ. एका डबीला कडेला तेलाचा पुसट ओघळ. बाकी कोरड्या. लेबलवर तेल मुद्दाम चोळून रात्रभर ठेवलं, सकाळी फडक्याने पुसलं. अक्षर हललं नाही. पुण्याच्या मैत्रिणीला दोन डब्या कुरिअरने पाठवल्या, तिने परत पाठवल्या. ठीक होत्या.

२६ मे

फोटो. गच्चीवर सकाळी सातला, मोबाईलवर, पांढऱ्या पंचावर. एक पैसा खर्च नाही.

९ जून

पहिली बॅच, ३०० डब्या. आजवरचा हिशेब: रद्द नावाचे स्टिकर आणि डोमेन १,९५०, ट्रेडमार्क ७,०००, पेंटर काका ३,०००, डीटीपी ४,५००, लेबल सल्लागार २,०००, रद्द लेबलं ७,०००, नवी लेबलं २,७००, डाय १,२००, चाचणीच्या डब्या आणि कुरिअर १,१५०. एकूण ३०,५००. ठरवलेल्यापेक्षा ५,५०० जास्त, आणि त्यात ८,९५० निव्वळ वाया. वेळ बारा आठवड्यांऐवजी बावीस.

१५ जून

धरमपेठेतल्या एका दुकानात २४ डब्या ठेवल्या. मी अर्धा तास बाहेर उभी होते. एका बाईंनी डबी उचलली, झाकण वाचलं, “पायली! आमच्या घरी होती,” असं सोबतच्या मुलीला म्हणाल्या आणि उलटून तळ वाचायला लागल्या. तळ वाचताना त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली. घटकांची ओळ बारीक आहे. पुढच्या ३०० मध्ये ती अर्धा पॉइंट वाढवायची आहे, त्यासाठी पत्ता दोन ओळींत बसवावा लागेल. भाऊला उद्या सांगते.

त्यांनी घेतली की नाही ते पाहिलं नाही, पाऊस सुरू झाला होता.

२१ जून

मामाचा फोन. या वर्षीची टोळ यायला लागली, आतापर्यंत नऊ पायल्या. मी त्याला त्याच्या मापाचा फोटो पाठवायला सांगितलाय, बाजूने, उन्हात, कंबरेवरची पट्टी दिसेल असा. पेंटर काकांना तो आकार हवा आहे.